गुंजिरा कड्यावरील जावयांची बदली रद्द करणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
गुंजिरा कडा उद्यान कार्यालय,
नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया.

विषय : कड्यावरील रेंजर, म्हणजे माझे जावई, यांची समुद्रकाठच्या चौकीवर झालेली बदली रद्द करणेबाबत.

संदर्भ : १. आपले बदलीचे पत्र. २. सलोखा सल्लागारांचा अहवाल, ज्यात आम्हां दोघांत "तीव्र वैमनस्य" असल्याचे म्हटले आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयी अर्ज करते की, मी डल्सी मांगिरू, गुंजिरा कड्याची राखण ज्या घराण्याकडे आहे त्यातली सध्याची थोरली. आपले उद्यान झाले त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही इथे आहोत, आणि उद्यान झाल्यावर आपल्याच खात्याने मला खाकी सदरा देऊन पाहुण्यांना खडकावरची चित्रे दाखवण्याच्या कामी नेमले. खालच्या कपारीत चित्रे, वर सपाटीवरून पाणथळ मैदान दिसते. खाली मी असते, वर सदर जावई असतात. त्यांचे नाव या अर्जात कुठेही आढळणार नाही. ते माझ्या तोंडून निघायचे नाही आणि हातूनही नाही. आपल्या दप्तरी ते आहेच.

२. आपण दक्षिणेकडून बदलून आलात आणि पहिल्याच आठवड्यात स्वतः कडा चढून आलात, याचे आम्हां सर्वांना कौतुक वाटले. टोपी मात्र फार लहान होती. आपले कान भाजलेले मी पाहिले. त्या दिवशी आपल्याला असे दिसले की, मी पायवाटेच्या वळणावर मोठ्याने ओरडले आणि ते ऐकताच वरचा धिप्पाड रेंजर हातातला चहा टाकून मोठ्या धोंड्यामागे पळाला. मी वर पोचल्यावर त्या धोंड्याकडे पाठ करून उभी राहिले. यावरून आपण असा निष्कर्ष काढला की, सदर कर्मचारी माझ्या दहशतीखाली आहे. महोदय, निष्कर्ष चुकला, पण तो वाचून माझी मुलगी रोलीन हसता हसता खुर्चीवरून पडली, एवढे तरी पदरात पडले.

३. आमच्याकडे सासूने जावयाच्या तोंडाकडे पाहायचे नसते आणि जावयाने सासूच्या. एका छपराखाली बसायचे नाही, समोरासमोर बोलायचे नाही, हातातून हातात काही द्यायचे नाही. हे भांडण नसून मान आहे. ज्याच्यावर राग आहे त्याच्याकडे आम्ही चांगले डोळे वटारून पाहतो, पाहिजे तर सल्लागारसाहेबांना विचारावे. सदर जावई लहानपणी आमच्याच अंगणात उघडेनागडे हुंदडत असत आणि मी त्यांचे कान पिळलेले आहेत. रोलीनशी लग्न ठरले त्या दिवशी हे सगळे संपले. तेव्हापासून मी त्यांना बुटांच्या आवाजावरून ओळखते. डावा बूट घासत चालायची सवय आहे.

४. माझ्या ओरडण्याबद्दल खुलासा असा. पाहुणे घेऊन खडकाशी जाताना आतल्या वाडवडिलांना हाक देऊन वर्दी द्यावी लागते, नाहीतर त्यांना आवडत नाही. मी म्हणते, "अहो म्हाताऱ्यांनो, आम्ही येतोय! हे लोक लांबून आलेत, मनाने बरे आहेत, जरा जाडे आहेत, धापा टाकतायत, सांभाळून घ्या!" ही हाक वाडवडिलांसाठी. ती जावयांच्याही कानी पडते आणि ते धोंड्यामागे जातात. एका हाकेत दोन कामे होतात. मी पोचते तेव्हा पाण्याचा डबा भरलेला असतो, माझी काठी शिडीला टेकवलेली असते आणि माशाच्या चित्राजवळ घर करू पाहणाऱ्या गांधीलमाश्या हुसकावलेल्या असतात. हा तोच मासा, ज्याच्या पोटातले काटे दिसतात आणि शेजारी माझ्या आजोबांच्या पंजाचा ठसा आहे. कोणी केले, कधी केले, विचारायची गरज पडत नाही.

थोडे बोलायचे असेलच तर बिस्किट आहे. बिस्किट हा आमचा कुत्रा. तो फाटकाच्या बाहेरच असतो, नियम आम्हांस ठाऊक आहे. सकाळी जावई फाटकाशी उभे राहून त्याला सांगतात, "बिस्किटा, शिडीची खालची पायरी हलतेय रे. कोणी म्हाताऱ्या माणसाने जपून पाय ठेवलेला बरा." मी गाडीच्या पलीकडून म्हणते, "बिस्किटा, म्हातारं कोणाला म्हणतोस? आणि काल मासा फार छान होता, पण मीठ विसरलं कोणीतरी." बिस्किट दोघांकडे बघून शेपूट हलवतो. त्याला पगार नाही.

५. आता सलोखा सभेबाबत. आपण पाठवलेले सल्लागार श्री. पॅडिक हे गृहस्थ सज्जन. त्यांनी कार्यालयातल्या त्या लहान खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागावा, आणि मधे केक ठेवला. मला आधी बसवले. मग दार उघडून जावयांना आत ढकलले. मी टेबलावरचे कापड ओढून डोक्यावर घेतले, त्यामुळे केक खाली गेला. जावई खिडकीतून बाहेर गेले. ते केवढे आहेत आणि खिडकी केवढी आहे, हे आपण जाणताच. कमरेशी ते अडकले, तेव्हा श्री. पॅडिक यांनी त्यांचे पाय धरून "पळू नका, मन मोकळं करा!" असे म्हणत त्यांना आत ओढले. बाहेरून रोलीनने हात धरून ओढले. अखेर रोलीन जिंकली. अहवालात "वयस्क मार्गदर्शिका कापडाखाली हुंदके देत होत्या" असे लिहिले आहे. ते हुंदके नव्हते. मला हसू आवरत नव्हते.

६. वैमनस्य असते तर मागच्या महिन्यातला प्रकार निभावला नसता. एक पाहुणा फोटोसाठी कठड्याच्या पलीकडे उतरला आणि कड्याच्या अगदी टोकावर भीतीने थिजला. मला खालून त्याचे पाय दिसत होते. जावयांना वरून फक्त टोपी दिसत होती. थेट बोलता येत नाही, म्हणून मी वाडवडिलांना साकडे घातले, "अहो म्हाताऱ्यांनो, याचा डावा पाय भुसभुशीत दगडावर आहे, कोणी सांगेल का त्याला!" लगेच वरून आवाज आला, "दादा, डावा पाय उचला. खाली बघू नका, माझ्याकडे बघा." मी म्हटले, "म्हाताऱ्यांनो, उजवीकडे हातभर चांगली जागा आहे!" वरून, "दादा, उजवीकडे सरका. शाब्बास." असा तो वर आला आणि जावयांच्या गळ्यात पडून रडला. नंतर त्याने मला विचारले, "आंटी, तुमचे वाडवडील खरंच बोलतात?" मी म्हटले, "चांगला जावई असला तर बोलतात."

७. तरीही बदलीचे पत्र आले. सोमवारी त्यांनी समुद्रकाठी हजर व्हायचे आहे. पाऊस लागला की तिकडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि महिनोन्‌महिने वर येत नाही. रोलीन खोकी भरते आहे. माझी नात टायशा यंदाच हाक द्यायला शिकते आहे. आवाज अजून कोवळा आहे, निम्म्या वाटेत विरतो. तिला पुढे कोणती चित्रे दाखवायची, कोणती तिच्या वयाला नाहीत, कोणत्या कपारीपुढून खाली बघून जायचे, हे टेलिफोनवर सांगता येत नाही. खडकासमोर उभे राहूनच ते सांगावे लागते. माझे गुडघे आणखी किती पावसाळे चढू देतील, मला माहीत नाही. ती आईबापांबरोबर समुद्रकाठी गेली तर माझ्यामागे या खडकाला वर्दी देणारे कोणी उरणार नाही. ही गोष्ट मनात आली की मला रडू येते, आणि हे मात्र अहवालात खुशाल लिहावे.

आपल्या कार्यालयातील एकाने सुचवले की, त्यांच्याऐवजी माझी बदली करावी. माझी हरकत नाही, पण मग कडाही सोबत पाठवावा लागेल. दुसऱ्याने विचारले की, रोलीनने कागदोपत्री नवरा सोडला तर नाते संपून अडचण मिटेल काय. रोलीनने त्याला काय उत्तर दिले ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

८. सबब विनंती की, सदर बदली रद्द करण्यात यावी. शक्य झाल्यास धोंड्यामागे एक बाक देण्यात यावे. इतकी वर्षे ते दगडावर बसून चहा पितात आणि माझी हाक आली की तो सांडतो.

९. आपली अट अशी आहे की, अर्जावर आम्ही दोघांनी एकमेकांच्या उपस्थितीत सही करावी. त्याप्रमाणे काल केले आहे. मी खडकाच्या चित्रांच्या बाजूला बसले, ते पलीकडच्या बाजूला. मधे तो मासा आणि आजोबांचा पंजा होता. कागद टायशाने इकडून तिकडे नेला. परत आली तेव्हा मी विचारले, झाले का. ती म्हणाली, "आजी, बाबांनी एकच ओळ लिहिली आणि मग कितीतरी वेळ नुसतेच बसून राहिले." पलीकडे बूट एकदा घासला, पण ते उठले नाहीत. मीही उठले नाही. लग्न ठरल्यापासून आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो.

आपण उन्हात पुन्हा येणार असाल तर मोठी टोपी घेऊन यावे. मी हाक देताना आपलेही नाव घेईन.

आपली नम्र,
आणि सदर जावयांची सासू,

(सही)
डल्सी मांगिरू
गुंजिरा कडा, दि. ९ जून

सोबत : जावयांची सही व त्यांचे म्हणणे, याच कागदाच्या पाठीवर. आमची नावेही समोरासमोर येऊ नयेत म्हणून तसे केले आहे. कृपया पान उलटावे. मी उलटलेले नाही.