गोवराची सुई आणि पार्वतीआजी

मुलुंड, बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

आज एका जुन्या वणानं माझं महिन्याचं काम केलं! दहा वर्षं दवाखान्यात नर्स आहे मी, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या चाळीतल्या पार्वतीआजींची नात गोवरानं गेली, तेव्हा आमच्याकडे गोवराची लस नव्हती. आता आलीय, तर आजी नातवाला देऊ देईनात. "देवी कोपतली," म्हणायच्या. त्यांचं ऐकून चाळीतल्या बाकीच्या बायाही नकोच म्हणायच्या. महिनाभर मी त्यांच्या दारातून हात हलवत परत येत होते.

आज त्याच नऊ महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या! मी विचारलं, "काय झालं आजी?"

त्यांनी बाही वर केली. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचा वण. "सुनेन काल इचारल्यान, ह्यो वण कसलो? माझी दोन भावंडा देवीन गेली गो. माका टोचलेला, म्हणान मी जगलंय. ह्येका टोच."

मी लगेच सुई भरली. तो वण, आणि शेजारी पोराचा इवलासा दंड! पोरगं किंचाळलं, सून रडली, आजी मात्र ताठ.

तासाभरानं आजी पुन्हा हजर. मागं चाळीतल्या पाच बाया, प्रत्येकीच्या कडेवर मूल. "ह्येंकाय टोच!"

महिनाभर कुणी हात न लावलेली लस आज संपली!