जंगल आळीतली दोघांची खोली

सिएना, १४ नोव्हेंबर

प्रिय नेरी,

“एकदा आपण दोघं या गावात परगावचे होऊन येऊ,” असं तू म्हणाला होतास. लग्नाला जेमतेम सहा दिवस झाले होते. जून संपत आला होता, आळ्यांच्या घोडेशर्यतीची माती चौकात पडली होती आणि माझी पिशवी तुझ्या हातात होती. कासव आळी जिथे संपते त्या कोपऱ्यावर तू थांबलास. पुढे माझी, तुमची हाडवैरी गोगलगाय आळी. शर्यतीच्या त्या चार दिवसांत ज्याने त्याने आपापल्या आळीत राहायचं, म्हणून तू कोपऱ्यापुढे यायचं नव्हतंस आणि मी आईच्या घरून परतायचं नव्हतं. पिशवी माझ्या हातात देताना तू म्हणालास, “हॉटेलात राहू, नकाशा धरू, लोकांना रस्ते विचारत फिरू. तेव्हा आपण ना कासव, ना गोगलगाय.” भूगोल शिकवणाऱ्या माणसाला नकाशाशिवाय काही सुचतच नाही, म्हणून मी हसले. तू हसला नव्हतास, हे मला फार उशिरा आठवलं.

तर मी आलेय. तीन दिवस झाले. जंगल आळीत एक लहानसं हॉटेल आहे, तिथे दोघांची खोली घेतलीय. जंगल आळीचं तुमच्याशी वैर नाही, आमच्याशीही नाही, म्हणून हीच आळी निवडली. आईला सांगितलंय की फेराराला मैत्रिणीकडे जातेय. हॉटेलातली मुलगी दक्षिणेकडची, लेच्चेची. माझं ओळखपत्र पाहून म्हणाली, “अय्या, तुम्ही इथल्याच की!” मी म्हटलं, घरात रंगकाम काढलंय. “आणि साहेब?” साहेब रंगाऱ्यांवर नजर ठेवायला थांबलेत, संध्याकाळी येतील. पहिल्या सकाळी तिने नाश्त्याला दोन कप मांडले. दुसऱ्या सकाळीही दोन मांडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “रंगाऱ्यांचा काही नेम नसतो हो.” आज एकच कप होता. आणि न मागता शेजारी एक मोठा केक ठेवला होता. मी तो सगळा खाल्ला. खाल्ला नसता तर तिला वाईट वाटलं असतं.

काल मनोऱ्यावर गेले. शेहेचाळीस वर्षं त्या मनोऱ्याच्या सावलीबरोबर चौकात सरकत बसले, पण वर जावं असं कधी वाटलं नाही. तूही गेलेला नाहीस. खाली तिकिटाला तो म्हातारा गिनो होता, गरुड आळीचा. “अगं फोस्का, तू? तिकीट काढून? आईच्या घराचं छप्पर गळायला लागलं की काय?” मी म्हटलं, गिनोकाका, आज मी पाहुणी आहे, तिकीट द्या. त्याने तिकीट दिलं आणि मान हलवत म्हणाला, “कासवाशी लग्न केलं की असंच होतं.” जिन्यात माझ्यापुढे त्रिएस्तेचं एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा म्हणत होते, “नकाशा उलटा धरलायस!” आजी म्हणाल्या, “नकाशा बरोबर आहे, यांनी गावच उलटं बांधलंय.” दर वळणावर ती दोघं थांबायची, दम खायची आणि नव्याने भांडायची. त्यांना पुढे जाऊ देत मी मागे मागे चढले. वर पोचल्यावर त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. मग आजी म्हणाल्या, “आता तुझा काढते, उभी राहा.” उभी राहिले. माझा हात आपोआप जरा बाजूला गेला, शेजारी कुणाच्या तरी कोपराला लागावा तसा.

बाबांची शर्यतीची दुर्बीण बरोबर नेली होती. आपलं घर सापडायला वेळ लागला. खालून चालताना कुठला दगड तुमचा आणि कुठला आमचा हे डोळे मिटून सांगता येतं. वरून नुसती कौलं. मी चिडले सुद्धा. मग सांत अगोस्तीनोच्या चर्चवरून माग काढत आले आणि गच्ची दिसली. तुळशीची कुंडी वाळलीय. तुझे दोन शर्ट खांद्यांनी लटकवलेत, ते तसे लटकवायचे नसतात हे तुला हजारदा सांगितलंय. आणि दोरीच्या टोकाला माझा निळा एप्रन. ऑगस्टमध्ये निघताना वाळत घातला होता, तो तसाच. उन्हापावसाने अगदी पांढुरका झालाय. नेरी, तो तू मुद्दाम ठेवलायस, की तुझं लक्षच गेलेलं नाही? उत्तर देऊ नकोस. दोन्ही उत्तरं मला ऐकायची नाहीत.

दुपारी संग्रहालय पाहिलं. परगावचे लोक चित्रांसमोर किती वेळ उभे राहतात! मला मात्र सगळीकडे बाळंच दिसत होती. सोनेरी रंगवलेल्या फळीवर आई, मांडीवर बाळ. या दालनातही, त्या दालनातही. मी तिथल्या बाकावर बसून राहिले आणि मला आपल्या घरातलं ते भांडण आठवलं, लग्नानंतर चार वर्षं चाललेलं. बाळ झालं की त्याचा बाप्तिस्मा कुठल्या आळीच्या कारंज्यावर करायचा? तुझी आई म्हणायची, “सूनबाई, आमच्या नातवाला शिंगं फुटू देणार नाही.” माझी आई म्हणायची, “कासवांत गेलं तर पोर पन्नाशीत चालायला लागेल.” बाबा मध्ये पडायचे, “अरे, पाठीवर घर तर दोघांच्याही असतं, भांडता कशाला?” दोन्ही आयांनी आपापल्या आळीच्या रंगांतले इवलेसे रुमाल शिवून ठेवले होते. मग हळूहळू कुणी भांडेनासं झालं. पाचव्या वर्षी तुझ्या आईने विषयच काढला नाही. सहाव्या वर्षी माझ्या आईने सुद्धा. ते भांडण थांबलं त्या दिवसाइतकं शांत घर मी कधी पाहिलं नाही. दोन्ही रुमाल माझ्याकडे आहेत, आईकडच्या माझ्या कपाटात, डाव्या खणात, उशीच्या अभ्र्यांखाली. तुला ठाऊक नसेल.

आता ऑगस्टचं, वर्षातल्या दुसऱ्या शर्यतीचं सांगते. गावात सगळ्यांना वाटतं की तुमचं कासव जिंकलं म्हणून मी रुसले आणि आईकडेच राहिले. गिनोलाही तेच वाटतं, आईलाही. तुलाही तेच वाटत असणार, कारण सप्टेंबरमध्ये तू निरोप पाठवलास, “राग उतरला की ये, गोगलगाय हळूच येणार!” निरोप वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. मी रुसले नव्हते, नेरी. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाले होते. हरले तरी घरी यायचंच असतं, एकवीस वर्षं येतेच आहे. कोपऱ्यावर तुमचा ढोल चालला होता आणि सगळे पुरुष बाळांच्या रबरी चोखण्या तोंडात धरून नाचत होते. जिंकलेल्या आळीचा नवा जन्म होतो म्हणून चोखण्या धरायच्या, ही आपली रीतच. आमची आळी जिंकली होती तेव्हा मीही गळ्यात अडकवली होती, काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी तू कुणाच्या तरी खांद्यावर होतास, अठ्ठेचाळीस वर्षांचा, घामाने भिजलेला. मला पाहिलंस, तोंडातली चोखणी काढून हवेत नाचवलीस आणि ओरडलास, “ये ये, गोगलगाय! बघ, आमच्या घरी बाळ झालं!” सगळे हसले. तूही किती मनापासून हसत होतास. तुझ्या मनात काहीच नव्हतं, ते मला तिथेच दिसलं. म्हणूनच मला पुढे पाऊल टाकता येईना. तू मला दुखवायला बोलला असतास तर मी येऊन भांडले असते. पण तुला आठवतच नव्हतं, आणि एवढी वर्षं ते मी एकटीच उचलून फिरतेय, हे मला त्या कोपऱ्यावर कळलं. मी वळले. चार दिवसांचे तीन महिने झाले.

मी घरी येऊ का, असं विचारलं तर तू हो म्हणशील. दार उघडशील, पिशवी घेशील, वाळलेल्या तुळशीबद्दल माफी मागशील. म्हणून ते विचारत नाही. आज निघण्याआधी मी लेच्चेच्या मुलीकडून हीच खोली पुन्हा घेतलीय, एकोणतीस जून ते दोन जुलै, शर्यतीचे चार दिवस. त्या चार दिवसांत तू तुमच्या आळीच्या कप्तानाचा उजवा हात असशील, आळीच्या घोड्यापासून हलणार नाहीस. सगळी आळी तुझ्याकडे बघत असेल, आणि माझी आई माझ्यासाठी खिडकीत खुर्ची मांडून ठेवेल. ते चार दिवस माझ्याबरोबर इथे राहा. नकाशा घेऊन चौकात जाऊ, दोघंही गळ्यात आळीचा रुमाल न बांधता. चौकातल्या कुणालातरी विचारू, इथे काय चाललंय हो? आणि रात्री परतल्यावर मी बाळाचे ते दोन रुमाल काढेन, तू बघशील, आणि आपण दोघं मिळून एकदा रडू. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. त्या मुलीला मी तरीही दोन कप मांडायला सांगितलेत. येशील का?

तुझीच,
फोस्का