साहेबांनी दिलेली चाळीस वर्षांची बाटली

मी, यादोराव टिकाराम रामटेके, वय त्र्याहत्तर, धंदा आचारी, राहणार बिरसी, तालुका व जिल्हा गोंदिया, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हात कापतो, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. बिरसीचे कौलारू घर व बोडीच्या तळ्यालगतचा धानाचा तुकडा माझी सून अल्का लोकेश रामटेके हिला. तिने दुसरे लग्न केले तरी यात फरक पडणार नाही.

२. पितळी गंज-पातेली, झारे व मोठी कढई माझ्यासोबत लग्नांत रांधणाऱ्या बकारामला. त्याने मीठ चाखल्याशिवाय कधी वाढू दिले नाही.

३. चुलतभाऊ भैय्यालाल याला काही नाही. माझा मुलगा बापाची बाटली चोरून पिऊन मेला, असे त्याने गावभर सांगितले. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये.

४. त्या बाटलीचे खरे असे. गोंदियातले निवृत्त इंजिनिअर देवधर साहेब यांच्याकडे मी एकोणीस वर्षे स्वयंपाक केला. २००३ साली, वारण्याच्या आठ दिवस आधी, त्यांनी ती मला दिली. स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की, चाळीस वर्षे लाकडी पिपात मुरलेली. म्हणाले, "चांगल्या दिवसासाठी ठेवली होती. तू पीत नाहीस, तुझ्याकडे टिकेल." मी पंचशील पाळणारा. बिनकुलपाच्या कपाटात ठेवून दिली.

मुलगा लोकेश दारूत बुडाला होता. आईची पाटली विकली, माझी सायकल विकली. ऑगस्ट २००९ मध्ये डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितले. पोट फुगलेले, डोळे हळदीसारखे. म्हणाला, "बाबा, साहेबाच्या बाटलीतला एक घोट चाखू दे. मरून त राहिलोच आहो."

मी म्हणालो, "नाही म्हणजे नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

जलदान विधी आटोपल्यावर मी बाटली काढली. सील जसेच्या तसे होते. सहा वर्षे त्याला जागा माहीत होती. मी सील फोडून चमचाभर जिभेवर घेतली. शील मोडले. आधी विझत्या चुलीचा धूर, मग वाळल्या मोहफुलांचा गोडवा, जुन्या सागवानी पेटीचा वास, शेवटी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. घसा जळला नाही. चव किती तरी वेळ जिभेवरून गेली नाही. एवढ्याला मी त्याला नाही म्हटले होते.

उरलेली बाटली अल्काची. तिने ठेवावी किंवा ओतून द्यावी.

५. नात खुशबू अठरा वर्षांची झाली की कलम चार तिला वाचून दाखवावे.

काल मी ते अल्काला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. सासरा म्हणून ती मला मामाजी म्हणते. मान वर न करता म्हणाली, "मामाजी, तुमी दवाई आणायले गेले तवा मी बाटली काढली होती. त्यायनं परत ठेवाले लावली. बाबानं देल्ली त घेईन, म्हणाले."

तिचे हे बोलणेही या कागदात राहावे. कोणी खोडू नये.

वर लिहिलेले वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली. पहिली सही बिघडली म्हणून खाली दुसरी केली आहे.

यादोराव टिकाराम रामटेके

साक्षीदार: शालीकराम गजभिये, बिरसी
नूतन चैतराम बिसेन, शिक्षिका, बिरसी

ठिकाण: बिरसी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०१२