वेताचं टोक

सोंडेर,
३ जुलै १९७६

ती. ओम हेर्मान यांस,
पुतणी मेस्के हिचा प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

आधी नीट बसून घ्या, मग पुढे वाचा. तुमचे गुडघे थकले, तुम्ही सुराबायाला मुलाकडे गेलात आणि इकडे मापालुसच्या मंडळींनी तुमच्या जागी मला प्रमुख केलं. होय, मलाच! पंचवीस घरांनी मिळून आज एकाची लवंग तोडायची, उद्या दुसऱ्याची, आणि उशिरा येणाऱ्याच्या पाठीवर वेत मारायचा हक्क माझा. प्रमुखाने आधी स्वतः तीन फटके खायचे असतात, ते मात्र मला माफ झाले. आपल्या पंचवीस घरांतला योपी म्हणाला, बाईमाणसाला काय मारायचं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

तुमचा वेत आता माझ्या दारामागे असतो. त्याचं टोक इतकं झिजलंय की धागे सुटलेत. एवढी कोणाची पाठ सोलली हो तुम्ही? ज्याला विचारावं तो म्हणतो, मला तर कधी बसला नाही.

उत्तर धाडा. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची मेस्के

सुराबाया,
१२ जुलै १९७६

चि. मेस्के हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर घोरणारी पोर आता इतरांना वेळेचं शिकवणार! इथे सगळं ठीक आहे, पण कालवणातही साखर घालतात. जमलं तर आपली वाळकी मिरची पाठव.

पाठ कोणाची, ते मी सांगणार नाही. शोध तूच. तुला हायसं वाटलं, हे मात्र मला खटकलं.

बायबलातला पहिले राजे, बारावा अध्याय काढ. लोक रहबाम राजाकडे आले आणि म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू लादलं, तू ते हलकं कर. त्याने तीन दिवस मागून घेतले. म्हाताऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, यांचा सेवक हो. सोबत्यांना विचारलं, ते म्हणाले, कडक हो. शेवटी बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन असं बोलून बसला आणि बहुतेक सगळं राज्य घालवलं. आपण त्याला मूर्ख म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. मला मात्र तीस वर्षं एक प्रश्न सतावतोय. त्या तीन दिवसांत त्याचं कोणाला विचारायचं राहून गेलं? सापडलं तर कळव.

प्रकृतीला जप. या म्हाताऱ्या काकावर लोभ असू दे.
तुझा ओम हेर्मान

सोंडेर,
गुरुवार, २२ जुलै १९७६

ती. ओम हेर्मान यांस सलाम वि. वि.

मिरची धाडली आहे. इथे माझ्या जिवाला घोर लागलाय. या आठवड्यात तोडणी सुरू झाली आणि आपल्या गावाची मावशी, तांते नोन्चे, तीनदा उशिरा आली. तुमच्या काळात ती कधी चुकली नव्हती. कारण विचारलं तर फणकारते, म्हणे झोप लागली. गेले दोन रविवार चर्चलाही दिसली नाही.

योपी आणि आणखी चार घरं म्हणतात, शनिवारपर्यंत तिला वेत मार, नाहीतर आम्ही वेगळे होतो. कळ्या लाल व्हायला लागल्यात. त्या उमलल्या की मातीमोल. ही पाच घरं गेली तर बरीच लवंग झाडावरच राहील. आणि मारलं तर साठीची विधवा बाई पुन्हा तोंड दाखवणार नाही. मला शिडीवर चढायला तिनेच शिकवलं हो! मी कोणत्या हाताने मारू?

म्हाताऱ्या म्हणाल्या, सोडून दे. बरोबरीचे म्हणाले, मार. एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ओम, मीही त्या रहबामासारखंच करतेय की! सगळ्यांना विचारलं, पण जिच्या पाठीचा प्रश्न आहे तिच्या घरी गेलेच नाही. उद्या पहाटे कामाला बोलावणारा शंख वाजायच्या आधीच जाते.

आशीर्वाद द्या.
मेस्के

सोंडेर,
शनिवार, २४ जुलै १९७६

ती. ओम हेर्मान यांस सलाम वि. वि.

काल पहाटे तांतेच्या अंगणात उभी राहिले. शंख वाजला, सगळ्या डोंगराने ऐकला. खिडकीतून पाहिलं तर ती तयार होऊन बसलेली. डोक्यावर टोपी, मांडीवर टोपली, नजर भिंतीकडे. मी हाक मारली. ती वळली नाही. ओरडले, तरी नाही. तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, दाराशेजारच्या फळीवर वेताने ठोकलं, तसं सगळं लाकडी घर हादरलं. ती लगेच उठली आणि आले रे हेर्मान, आले म्हणत बाहेर आली. मला पाहून थिजली. मग दोघी रडलो.

तिथे फळीला खळगा पडलाय. तुमच्या वेताचं टोक त्यात बरोब्बर बसतं.

बहिरीला शिडीवर कोण चढू देईल, म्हणून ती लपवते. मीही कोणाला सांगणार नाही असं वचन दिलंय. तुम्ही दिलंत तसंच.

अर्थात आम्हा दोघींना उशीर झाला. योपी हाताची घडी घालून उभा होता. मी वेत त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आज प्रमुखच उशिरा आली, शिवाय माझे पहिले तीन राहिलेत. दोन त्याने सणसणीत मारले. तिसऱ्याला त्याचा हात कचरला. त्याने एकदा तांतेकडे पाहिलं आणि गुमान शिडी लावायला गेला. आज पंचवीसही घरं हजर होती. पाठ अशी चुरचुरते की खुर्चीला टेकवत नाही.

आज पहाटे तांते मलाच रागावली. हेर्मान दोनदा ठोकायचा, मी तीनदा ठोकते, एवढी घाई कसली म्हणे. उद्या रविवार. चर्चची घंटाही तिला ऐकू येत नसणार, तेव्हा उद्याही जाईन. तुम्ही दर रविवारी तिच्या घरावरून वळसा घालून चर्चला सगळ्यांत शेवटी यायचात आणि मी पहिल्या बाकावरून मागे वळून तुम्हाला हसायचे. त्याची माफी मागते.

लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची मेस्के