पिनरचे घर, सुप्रभा आणि जनरलसाहेबांचा फोटो

मी, वीणा मोहन केंकरे, वय सत्त्याहत्तर, निवृत्त इतिहास-शिक्षिका, राहणार पिनर, लंडन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने जनरल व्हासालू ई सिल्व्हा यांच्याविषयी माझ्याशी वाद घालून पाहावा. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. अंमलबजावणी माझी मुलगी वरदा हिने करावी. ती लीड्सला डॉक्टर आहे, घाबरत नाही.

२. पैठणी वरदाला. सून आश्लेषाला नाही. माझ्या शालूच्या तिने उशांच्या खोळी शिवल्या, हे मी विसरलेले नाही. तिला कुंड्या द्याव्यात. झाडे ती चांगली जगवते.

३. राहते घर. मोहन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, की आम्हा दोघांच्या मागे घर लगेच विकून पैसे दोन्ही मुलांना द्यावेत. हा शब्द मी मोडत आहे. माझी नणंद सुप्रभा हयात असेपर्यंत याच घरात राहील. घरपट्टी म्हणजे कौन्सिल टॅक्स आणि बॉयलरचा खर्च माझ्या बचतीतून. ती गेल्यावर उरलेली बचत आणि घर दोन्ही मुलांना समान.

माझा मुलगा स्वानंद म्हणाला, "आई, बाबांना दिलेला शब्द आहे. आत्याला केअर होममध्ये ठेवू ना, ब्रॅकनेलला, आमच्याजवळ."

अरे, आम्ही दोघे नोकरीवर असताना तुला कोणी वाढवले?

जनरलसाहेब गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर. १९६१ साली भारतीय सैन्य आले, तेव्हा त्यांना तर लिस्बनचा हुकूम होता: शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. माणसे मेली, पूलही उडवले गेले. पण त्यांनी हुकूम मोडून शरणागती पत्करली आणि पणजी बेचिराख झाली नाही. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकले. राजवट पालटल्यावर हुद्दा परत मिळाला. परकी सत्ता मला कधीच मान्य नव्हती. हा माणूस मान्य आहे.

सुप्रभा तेव्हा पणजीत नऊ वर्षांची होती. तिचे आणि मोहनचे वडील त्याच राजवटीच्या तुरुंगात राहून आलेले. त्यामुळे डायनिंग टेबलावरचा जनरलसाहेबांचा फोटो तिला खुपतो.

"वहिनी, हरलेल्या माणसाला रोज काय बघायचं?"

"तो हट्टाने लढला असता, तर इथे जेवायला तू नसतीस."

"मग तुम्हाला टोमणे कुणी मारले असते?"

हे मात्र खरे.

४. पोर्तुगीज इतिहासाची माझी पुस्तके ज्या ग्रंथालयाला हवीत त्याला. स्वानंदने ती चॅरिटी शॉपमध्ये टाकू नयेत.

५. जनरलसाहेबांचा फोटो आहे तिथेच राहावा, असा माझा हुकूम आहे. सुप्रभाने तो मोडला, तरी तिच्या घरातील हक्काला बाध येणार नाही.

सही: वीणा मोहन केंकरे
साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर एकाच वेळी सही केली: निवेदिता परचुरे, सतीश गोडखिंडी
पिनर, १९ डिसेंबर २०२४