पाहुण्याचा वाटा

२ ऑगस्ट
पोचलो एकदाचा! दोन दिवस गाडीत मांडीवर दुसऱ्याचं बदक घेऊन बसलो, पण गाव पाहून शीण उतरला. काम सोपं आहे. नदीपलीकडची अलीकडेच एकेक करून नाहीशी झाली, आता मागच्या रानात माकडासारख्या बाबाकोटो लेमूरांचं एकच कुटुंब उरलंय: जोडपं, दोन वाढती पोरं, एक तान्हं. रोज मोजायचे, वहीत सही करायची. पिंजऱ्यात हा प्राणी जगत नाही, त्यामुळे रानातले गेले की संपलं.

घरमालकीण झाफीसुआ, विधवा, बोलायला गोड. तिचा भाऊ त्सारावेलो माझा वाटाड्या. लेमूरांना ही माणसं आजोबा म्हणतात. यांच्या कुणा पूर्वजाला म्हणे एका बाबाकोटोनं झाडावर वाचवलं होतं. त्यांना मारत नाहीत, खात नाहीत, त्यांच्याकडे बोटसुद्धा दाखवायचं तर दुमडून.

रात्री भातावर रस्सा. बुडाचा, म्हणजे ढुंगणाकडचा वाटा मानाचा, तो मला. शी! गिळगिळीत चरबी नुसती. आधीच्या दोन नोकऱ्या नाकं मुरडण्यापायी गेल्या, म्हणून डोळे मिटून गिळला. यजमानाला कशाचं मटण ते विचारणं आमच्याकडे पठारावर अपमान समजतात. कोंबडीच असणार. झाफीसुआ स्वतः कसाव्याच्या पाल्यावरच जेवली.

९ ऑगस्ट
सकाळी नर-मादी गातात, तेव्हा सगळं रान थांबतं. एक सूर तिचा, त्यावर एक त्याचा. खाताना मात्र मान तिचा. तिचं होईपर्यंत नर खालच्या फांदीवर मुकाट बसतो. मला माझा मेव्हणा आठवला. मग सगळी खाली उतरून लाल माती चाटतात, पाला पचावा म्हणून. मोजणी पाच.

रविवारी पुन्हा तोच वाटा. मांस काळपट, आणि ढेकराला चुरगळलेल्या पाल्याचा वास.

२१ ऑगस्ट
मोजणी चार. त्सारावेलो म्हणाला, पोरगं मोठं झालं, गेलं आपलं रान शोधायला. तसं लिहिलं.

दाढेत काहीतरी अडकलं होतं. काट्यानं टोकरून काढलं तर केस. काळा, लोकरीसारखा. माझे केस सरळ आहेत. ओकारी आली, पण यजमानीण समोर होती. गिळलं.

३० ऑगस्ट
मोजणी तीन. दुसरं पोरगंही दिसत नाही. आज प्रथमच लक्षात आलं, या अंगणात एकही कोंबडी नाही.

१० सप्टेंबर
मोजणी दोन. नर नाही. झाडाखाली फास सापडला, त्याला काळ्यापांढऱ्या लोकरीचा पुंजका आणि सुकलेलं रक्त. त्सारावेलो म्हणाला, नदीवर सोनं चाळणारे परमुलखातले लोक लावतात, त्यांना इथलं काही निषिद्ध नाही. मटण विकतात. कुणाला, विचारलं तर तो पुढे चालू लागला.

झाफीसुआला तोंडावर विचारलं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, कोंबड्या रोगानं मेल्या, पाहुण्यापुढे नुसता पाला कसा ठेवायचा?

"आमच्यात चालत नाही ते. तुम्ही पठारावरचे, तुम्हाला कुठं काय पाळायचंय? मी मारलं नाही, खाल्लं नाही, नुसतं शिजवलं."

अंगणातच ओकलो. हिरवं पडलं. चघळलेली पानं, ओंजळभर. मी पान खाल्लेलं नाही.

मी त्यांना मोजत होतो आणि मीच खात होतो. स्वतःची किळस येते. मादी आणि तान्हं तरी वाचायला हवं. राजधानीला साहेबांना पत्र धाडलं, कुणीतरी या, लवकर या.

१४ सप्टेंबर
भात घशाखाली उतरत नाही. रानात गुडघ्यावर बसून लाल माती खाल्ली. मुठी भरभरून. शी, शी— आणि गोड लागली. हाताच्या पाठीवर लोकर येतेय. उपटली. मुळाशी चरबी, त्या रश्शातल्यासारखी.

१७ सप्टेंबर
झाफीसुआचा घास तोंडात गेल्याशिवाय माझा हात ताटाकडे जात नाही. पुढे होऊन बसायचं ठरवतो, तरी नाही.

सकाळी मादी गायली. अर्ध्यावर थांबली, त्याच्या सुरासाठी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी—

१८ सप्टेंबर
मोजणी तीन. मादी. तान्हं. आणि
सही होत नाही. अंगठा लांब फाकतो, पेन्सिल निसटते.

१९ सप्टेंबर
झाडावर आहे. स्वयंपाकघरामागच्या. वही आणली एवढं बरं.
साहेब आले राजधानीहून. माझ्या पत्रावरून. चटईवर बसलेत. ओरडलो— मी इथे आहे, तिच्या हातचं खाऊ नका— गाणंच निघालं. साहेब खूश झाले. वर पाहून टाळी वाजवली.
झाफीसुआनं बोट दुमडून मला दाखवलं. चुलीवर मोठं पातेलं आहे.
"बसा पाहुणे. कोंबड्या नाहीत घरात, पण बुडाचा वाटा तुम्हालाच."
खाली कोणी आलंय. दोर घेऊन. त्सारावेलो नाही. नदीवरचा आहे, याला काहीच निषि