लेओशाच्या हातातली मेणबत्ती

क्राकूव्ह, १९ मार्च १८८४

प्रिय सालोमे,

तू पोरीला घेऊन बहिणीकडे गेल्यापासून लिहिलेली तीन पत्रं तिने चुलीत घातली असणार. तेकलाचा स्वभाव मला ठाऊक आहे. तरी हे चौथं लिहितो, कारण काल बाजारात तिचा नवरा मार्चिन भेटला. ताप उतरून पाच आठवडे झाले तरी आपली लेओशा एक शब्द बोलत नाही, म्हणाला. आणखी एक गोष्ट सांगितली त्याने. ती शेवटी लिहितो. आत्ता लिहायला धीर होत नाही.

चित्र पुरं झालं. वॉर्साच्या प्रदर्शनाची माणसं इथे येऊन पाहून गेली, त्यांनी ते निवडलंही. शाळेत शिकलेले चित्रकार मखमल रंगवतात. मी कुणाच्या हाताखाली न शिकता आपली खोली रंगवली. चुलीवरचा टवका उडालेला टोप, खिळ्याला अडकवलेली तुझी शाल, कोपऱ्याशी उसवलेली लेओशाची उशी, सगळं जसंच्या तसं. तू म्हणायचीस, "तुम्हाला बटाट्याची साल दिसते हो, बटाटा शिजलाय की नाही ते दिसत नाही!" मी हसण्यावारी न्यायचो.

त्या दिवशी पोर तापाने फणफणली होती. तू बाजारात. बाहेर काळोखी आलेली, आणि चरबीच्या मेणबत्तीचा उजेड पिवळा, धुरकट; गालावरचा ताप त्यात दिसेना. म्हणून मी फडताळातली ग्रोम्नित्सा मेणबत्ती काढली. शुद्ध मेणाची, नुकतीच सणाला तू चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली. ती वीज कडाडली की खिडकीत लावायची, नाहीतर मरणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची, हे मला माहीत नव्हतं का? होतं. लेओशालाही होतं. आजीच्या हातात तिने ती पाहिली होती. मी तिला म्हटलं, "चित्रापुरतंच गं." आणि तिच्या मुठीत दिली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या फेलिक्सोवाबाई चाळण मागायला आल्या. मेणबत्ती पाहून दारातच गुडघ्यांवर बसल्या. "अहो, एवढी वेळ आली आणि आम्हाला हाक नाही मारलीत?" असं म्हणत त्यांनी मरणाऱ्याची प्रार्थना मोठ्याने सुरू केली. जिन्यातल्या बायका धावत आल्या, सूर धरू लागल्या. "अहो, थांबा" एवढंच मला म्हणायचं होतं. पण गुडघे टेकलेल्या त्या पाठी, तो उजेड! माझा कोळसा कागदावर धावत राहिला. लेओशा एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती.

तू जिन्यातच प्रार्थना ऐकलीस. दारात आलीस तेव्हा पिशवी हातातून सुटली होती आणि तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. पोर जिवंत आहे, हे मी तुला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हलू नकोस, सालोमे. तशीच उभी राहा."

प्रदर्शनवाले त्या चेहऱ्याचीच तारीफ करतात. मी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. वॉर्साला पाठवलेला नाही. तुम्ही दोघी परत याव्यात म्हणून रोज चूल पेटवतो आणि तिच्यासमोर नुसता बसून राहतो.

आता मार्चिनने सांगितलेली ती गोष्ट. लेओशा उजवा हात खाली ठेवत नाही म्हणे. चमचा डाव्या हाताने धरते. झोपेत हात अंथरुणाला टेकला की दचकून उठते, मूठ वळून पुन्हा वर धरते. डॉक्टरला कळत नाही, तुला कळत नाही. मला कळतं. मेणबत्ती देताना मी तिला बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत हात खाली आणायचा नाही." त्या गोंधळात सांगायचं राहूनच गेलं. सालोमे, मला दारात उभं करू नकोस. चित्र जाळ म्हणालीस तर जाळतो. फक्त पुढची ओळ तिच्या जवळ बसून, मोठ्याने, वाचून दाखव. बाबांनी लिहिलंय म्हणून सांग.

लेओशा, झालं गं चित्र. ठेव हात खाली.

तुझाच,
विन्सेंटी